काटेरी पाहुण्यांची ओळख

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. अस्रची नमाज आटोपून माझी धाकटी जाऊ अंगणात आली आणि कोपऱ्यातल्या कुंडीतली वाढलेली फांदी कात्रीने छाटू लागली. तीन धारांचे, धारेवर बारीक पाने असलेले ते काटेरी झाड. नर्सरीतून आणले तेव्हा 'कॅक्टस' म्हणूनच आणले होते. फांदी तुटताच पांढरे दूध उडाले. तिच्या बोटांवर आले. तिने ते ओढणीला पुसले आणि थोड्या वेळाने त्याच ओढणीने कपाळावरचा घाम टिपताना डोळाही पुसला.

अर्ध्या तासात डोळा लाल झाला. मगरिबपर्यंत पापणी उघडेना. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "झाड कोणते होते?"

मी म्हणाले, "कॅक्टस."

"दूध निघाले का?"

"हो, खूप."

"मग ते कॅक्टस नसावे. घरून फोटो मागवा."

मुलाने फोटो पाठवला. डॉक्टरांनी तो पाहून मान हलवली आणि उपचार सुरू केले. आठ-दहा दिवस थेंब, काळा चष्मा आणि अंधारी खोली. अल्हम्दुलिल्लाह, नजर वाचली. पण मला मात्र शरम वाटत राहिली. तीन वर्षे मी त्या झाडाला पाणी घालत होते, पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होते, आणि मला त्याचे नावसुद्धा माहीत नव्हते. तेव्हापासून अंगणातल्या प्रत्येक झाडाची ओळख करून घ्यायचे ठरवले. या वर्षभरात जे शिकले ते आपल्या घरांतल्या भगिनींसाठी लिहीत आहे.

अंगण गारखेड्याचे, पाणी नाथसागराचे

आमचे घर छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातल्या गारखेडा परिसरात, सूतगिरणी चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरापुढे वीस फूट बाय बारा फुटांचे अंगण. शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून, पन्नासेक किलोमीटरवरून, पंपाने वर चढून येते. नळाची पाळी कितव्या दिवशी यावर घरातले कपडे, लादी आणि अंघोळीसुद्धा ठरतात. हे या शहराच्या प्रत्येक वाचकाला सांगायला नको. मलिक अंबरनेसुद्धा सतराव्या शतकात हे शहर वसवताना डोंगरातल्या पाण्याची नहर जमिनीखालून आणली होती. पाण्याचा हिशेब इथे जुनाच आहे.

अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गुलाबाची हौस. पण दोन उन्हाळ्यांत गुलाब वाळले, जास्वंद गेली, मोगरा कसाबसा टिकला. मग आम्ही वाळवंटी झाडांकडे वळलो. कमी पाणी, कमी देखभाल, दिसायला देखणी. नर्सरीवाल्याने सांगितले, "यांना काहीच करावे लागत नाही." हे अर्धेच खरे होते. पाणी कमी लागते हे खरे. पण कोणत्या झाडाला कधी पाणी तोडायचे, कोणते पावसात ठेवायचे नाही आणि कोणते मुलांच्या हाताला लागू द्यायचे नाही, हे त्या झाडाचे नाव कळल्याशिवाय कळत नाही.

एक नाव, दोन घराणी

गोंधळाचे पहिले कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत आपण 'फड्या निवडुंग' म्हणतो आणि 'त्रिधारी निवडुंग'ही म्हणतो. दोन्ही काटेरी, दोन्ही मांसल, दोन्ही बांधावर उगवणारी. पण ती एकमेकांची दूरची नातेवाईकही नाहीत. फड्या निवडुंग कॅक्टसच्या घराण्यातला, तर त्रिधारी निवडुंग, थोर, शेर ही युफोर्बियाच्या म्हणजे एरंडाच्या घराण्यातली. दोघांनाही कोरड्या हवेत जगायचे होते. पाणी साठवायला खोड जाड झाले, पाणी वाचवायला पाने गेली किंवा बारीक झाली, जनावरांपासून वाचायला काटे आले. गरज एकच असल्याने चेहरा सारखा झाला.

कॅक्टसचे मूळ घर अमेरिका खंडात. अगदी एखादी जात सोडली तर आशिया-आफ्रिकेत नैसर्गिकरीत्या कॅक्टस नव्हताच. म्हणजे आपल्या गावाकडच्या बांधावरचा फड्या निवडुंगही पाहुणाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी मद्रासकडे निवडुंगावर एक किडा पोसून त्यापासून लाल रंग काढण्याचा खटाटोप केला. रंगाचा धंदा फारसा जमला नाही, पण निवडुंग देशात पसरत गेला. पुढे तो इतका माजला की दक्षिणेत शेतजमिनी अडल्या; 1926 मध्ये श्रीलंकेतून त्याच जातकुळीतला दुसरा किडा आणून सोडला तेव्हा तो आटोक्यात आला. गंमत म्हणजे अमेरिकेतून आलेल्या या निवडुंगाच्या फळाला उत्तर आफ्रिकेच्या काही भागांत लोक 'हिंदी' म्हणतात, आणि इजिप्तकडे 'तीन शौकी', म्हणजे काटेरी अंजीर.

नर्सरीत उभ्या उभ्या ओळखा

झाड कापून पाहायची गरज नाही. काटा जिथून निघतो ती जागा नीट बघा.

कॅक्टसमध्ये काट्यांच्या बुडाशी लोकरीसारखा किंवा मखमलीसारखा एक छोटा ठिपका असतो. त्यातून काट्यांचा झुपकाच निघतो. फूलही बहुधा अशाच ठिपक्यावर येते. हा ठिपका दिसला तर समजा कॅक्टस. युफोर्बियात असा ठिपका नसतो. काटे बहुतेक वेळा जोडीने, खोडाच्या धारेवरून थेट निघतात. धारेवर छोटी हिरवी पाने असतील तर शंका आणखी पक्की. फुलातही फरक आहे. कॅक्टसचे फूल मोठे, अनेक पाकळ्यांचे, रेशमी. युफोर्बियाचे खरे फूल इतके बारीक की लक्षातही येत नाही.

दुधाची परीक्षा उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. युफोर्बियाला ओरखडा पडला की पांढरे दूध येते. कॅक्टसमध्ये बहुधा पाण्यासारखा रस असतो, पण ममिलेरिया नावाच्या छोट्या गोल कॅक्टसच्या काही जातींतही दूध असते. म्हणून आधी ठिपका बघा. आणि ओळख पटेपर्यंत दुधाळ झाड धोक्याचे समजूनच हाताळा.

आपल्याकडच्या नर्सऱ्यांत नेहमी दिसणारी काही झाडे अशी:

सोनेरी गोळा: पिवळ्या काट्यांचा गोल कॅक्टस, इंग्रजीत गोल्डन बॅरल. मूळचा मेक्सिकोचा. तिथे एका धरणाच्या पाण्यात याच्या मूळ वस्तीचा मोठा भाग गेला. जंगलात तो आज दुर्मीळ आहे आणि जगभरच्या कुंड्यांत मात्र मुबलक. वाढ अतिशय सावकाश. म्हणून मोठा गोळा महाग असतो, त्यात फसवणूक नाही.

लाल-पिवळ्या टोपीचा कॅक्टस: मुलांना हमखास आवडणारा. हे खरे तर एकावर एक बसवलेले दोन कॅक्टस आहेत. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसते, त्यामुळे तो स्वतःचे अन्न बनवू शकत नाही. खालचा हिरवा बुंधा, बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा, त्याला पोसतो. हे कलम दोन-चार वर्षे टिकते. कडक उन्हात ठेवले तर त्याहून लवकर जाते. ते मेले म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

सशाच्या कानांचा निवडुंग: चपट्या फडांवर पिवळे किंवा पांढरे मऊ ठिपके. दिसायला मखमल, पण प्रत्येक ठिपक्यात शेकडो केसासारखे काटे. बोटात शिरले की दिसत नाहीत आणि निघतही नाहीत. चिकटपट्टी लावून ओढल्यास बरेचसे निघतात. लहान मुले असलेल्या घरात हे झाड नकोच.

काटेरी मुकुट: लाल, गुलाबी, पिवळ्या छोट्या फुलांनी बारा महिने भरलेले झुडूप. मूळचे मादागास्करचे. लोक त्यालाही कॅक्टस म्हणतात, पण हा युफोर्बिया. दूध आहे, सांभाळून.

तीन धारांचा युफोर्बिया: आमच्या जाऊबाईंच्या डोळ्याला लागला तो हाच. आफ्रिकेतला, पण आपल्या त्रिधारी निवडुंगाचा सख्खा चुलतभाऊ शोभावा असा.

आणखी एक सावधगिरी. कॅक्टसच्या डोक्यावर ऐन दुकानात भडक रंगाचे कोरडे फूल दिसले तर हलकेच हात लावून बघा. अनेकदा ते सुकवलेले फूल गोंदाने चिकटवलेले असते. भडक निळा, जांभळा कॅक्टस दिसला तर तो बहुधा रंगवलेला असतो. रंगाच्या थराखाली झाडाला ऊन मिळत नाही.

कोरफड की घायपात?

ही दुसरी नेहमीची गल्लत. दोन्हींची लांब, मांसल पाने गुलाबाच्या पाकळ्यांसारखी एकाभोवती एक लागतात. कोरफडीचे पान मोडले तर आत पारदर्शक, बुळबुळीत गर असतो आणि पान सहज तुटते. घायपाताचे पान चिवट. आत धागे असतात, ज्यांचे दोर वळतात. टोकाला टणक सुई. कोरफड दरवर्षी फुलू शकते. घायपात बरीच वर्षे गप्प उभा राहतो, मग एकदाच उंच दांडा काढून फुलतो आणि तो बुंधा मरतो. आजूबाजूची पिल्ले त्याचे घर पुढे चालवतात. घायपाताचा रस अंगाला लागला तर चुणचुणते, खाज सुटते. त्यामुळे तो फाटकाजवळ, वाटेवर लावू नये. पानाच्या टोकाची सुई मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येते.

कोरफडीबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. अरबीत कोरफडीला आणि तिच्या कडू रसाला जे नाव आहे ते 'सब्र' याच धातूतले. वाळवलेल्या त्या रसालाच युनानी हकीम 'मुसब्बर' म्हणतात आणि आपण मराठीत 'काळा बोळ'. कॅक्टसला अरबीत 'सब्बार' म्हणतात. पॅलेस्टाईनमध्ये फड्या निवडुंगाच्या फळालाही 'सब्र'च म्हणतात. कडूपणा, कोरडे दिवस आणि टिकून राहणे या सगळ्यांसाठी एकच शब्द वापरणाऱ्या लोकांनी या झाडांकडे फार जवळून पाहिले असणार.

पण 'घरची कोरफड' म्हणून मनाला येईल तसे खाऊ नये. पानाच्या सालीखाली जो पिवळा रस असतो तो जबर जुलाब करतो. गरोदर बायकांनी तर तो पोटात घेऊच नये. केसांना किंवा त्वचेला लावतानाही पान कापून थोडा वेळ उभे ठेवावे, पिवळा रस निथळू द्यावा, मग आतला गर घ्यावा.

एडनचा गुलाब

आमच्या अंगणात सध्या सगळ्यांत जास्त कौतुक होते ते अडेनियमचे. नर्सरीवाले त्याला 'डेझर्ट रोज' म्हणतात, पण गुलाबाशी त्याचे नाते नाही. ते चाफा आणि कण्हेरीच्या घराण्यातले. येमेनच्या एडन शहरावरून त्याचे नाव पडले. अरबस्तानचा दक्षिण भाग आणि पूर्व आफ्रिका ही त्याची भूमी. आखातात नोकरी केलेल्या कोणाला विचारा, ओमानच्या सलालाकडे डोंगरावर फुगलेल्या बुंध्याची, गुलाबी फुलांची ही झाडे त्यांनी पाहिलेली असतील.

आपल्या मराठवाड्याच्या उन्हात हे झाड खूश असते. दिवसाचे सहा तास थेट ऊन मिळाले तर मार्चपासून फुलते. फेब्रुवारीच्या शेवटी फांद्या एक तृतीयांश छाटल्या की नवे फुटवे येतात आणि फुले फुटव्यांच्या टोकांवर येतात. बियांपासून वाढवलेल्या झाडाचा बुंधा छान फुगतो. फांदीपासून केलेल्या झाडाला तसा पोटाचा घेर सहसा येत नाही. विकत घेताना हे विचारून घ्यावे. वर्षा-दोन वर्षांनी कुंडी बदलताना झाड बोटभर वर उचलून लावले तर फुगलेली मुळे बाहेर दिसतात आणि तेच त्याचे सौंदर्य. थंडीत पाने गळली तर घाबरू नका. झाड झोपले आहे, पाणी बंद करा.

अडेनियमचा रस विषारी असतो. आफ्रिकेत शिकारी तो बाणांना लावत असत. छाटणीनंतर साबणाने हात धुवावेत.

उन्हाळा सोसतात, पावसाळा सोसत नाहीत

आपल्या शहराला वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आपण या झाडांची काळजी करतो. खरी काळजी जुलैत करायला हवी. आमचा पहिला सोनेरी गोळा उन्हाने गेला नाही, झडीच्या पावसात बुडातून सडला. वरून टवटवीत होता. हात लावला तर खालचा भाग लोण्यासारखा मऊ.

दुसरी अडचण काळ्या मातीची. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. कापसाला ती उत्तम, कॅक्टसच्या मुळांना ती ओला कफन. म्हणून जमिनीत लावायचे असेल तर खड्डा करू नका, उलट फूट-दीड फूट उंचवटा करा. आम्ही खाली विटांचे तुकडे आणि जाड खडी घातली, वर मुरूम, जाड वाळू आणि थोडी माती. प्रमाण असे ठेवले: दोन घमेली मुरूम किंवा जाड वाळू, एक घमेले माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत. कुंडीसाठीही हेच. कुंडी मातीची, भोक मोठे, आणि खाली बशी नको. बशीत साचलेल्या पाण्यात मुळे सडतात आणि डेंग्यूचे डास वाढतात ते वेगळेच.

पावसाळ्यात आम्ही गोल कॅक्टस आणि रंगीत टोपीवाले पोर्चखाली हलवतो आणि चार महिने जवळजवळ पाणी देत नाही. अडेनियम, काटेरी मुकुट, घायपात उघड्यावर राहतात, कारण उंचवट्यावरून पाणी वाहून जाते. कुजण्याची सुरुवात दिसली तर धारदार सुरीने निरोगी हिरवा भाग लागेपर्यंत खालचा भाग कापावा, काप आठ-दहा दिवस सावलीत सुकवावा आणि मग कोरड्या मिश्रणात ठेवावा. निम्मी झाडे अशी वाचतात.

उन्हाचेही एक पथ्य आहे. नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेले झाड एप्रिलमध्ये आणून थेट पश्चिमेच्या भिंतीला लावले तर भाजते आणि पांढरे चट्टे पडतात, ते पुन्हा हिरवे होत नाहीत. पहिले दोन आठवडे सकाळचे ऊन द्यावे, मग हळूहळू वाढवावे. नवी लागवड करायची तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात करावी.

पांढऱ्या कापसासारखे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक ठिपका पुसून काढला की दोन-तीन वेळांत जातो. कडुनिंबाचे तेल फवारायचे असेल तर मगरिबनंतर फवारावे, उन्हात नको.

वुजूचे पाणी

पाण्याचे वेळापत्रक आमच्याकडे आपोआपच जमले. उन्हाळ्यात या झाडांना पाच ते आठ दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यायचे आणि मधल्या दिवसांत माती पूर्ण कोरडी होऊ द्यायची. नळाचे वेळापत्रक बहुतेक वेळा एवढेच असते! हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पुरते. रोज थोडे थोडे शिंपडणे सगळ्यांत वाईट. त्याने वरची माती ओली राहते आणि मुळे खाली जात नाहीत.

हे पाणी कुठून? एकदा सहज आम्ही मोजले. नळ सोडून वुजू केला तर एका माणसाचे तीन लिटर सहज जाते. घरात चार नमाजी, पाच वेळा. दिवसाचे साठ लिटर. हदीसमध्ये येते की रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद्द पाण्यात वुजू करीत. एक मुद्द म्हणजे सुमारे पाऊण लिटर. आम्ही बेसिनशेजारी लोटा आणि खाली टब ठेवला. आता लिटरभरात वुजू होतो आणि टबात जमलेले पाणी साबण नसल्याने तसेच झाडांना जाते. आधी अब्बांना हे पटले नाही. "वुजूचे पाणी मोजायचे?" असे ते म्हणाले. आता टब भरला की तेच हाक मारतात.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र जपून वापरावे. त्यात क्षार जास्त असतात; सतत घातले तर मातीवर पांढरा थर चढतो. वापरायचेच असेल तर साध्या पाण्यात मिसळून, अधूनमधून.

दूध, काटे आणि ईदची बकरी

आता सगळ्यांत महत्त्वाचे. खालील गोष्टी कापून कपाटाच्या दारावर लावल्या तरी चालतील.

1. दुधाळ झाड छाटताना हातमोजे आणि चष्मा घालावा. हात धुतल्याशिवाय तोंडाला, ओढणीला, मुलाला हात लावू नये.

2. दूध डोळ्यात गेले तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा. चोळू नये. आग कमी झाली तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावेच. त्रास काही तासांनी वाढतो. सोबत झाडाचा फोटो न्यावा. सुरमा, गुलाबपाणी, मध असे काहीही घालू नये.

3. चामखिळीवर किंवा दुखऱ्या दाढेवर शेराचे दूध लावण्याचा जुना नुस्खा विसरून जा. त्वचा आणि तोंड भाजते.

4. काटेरी झाड हलवताना वर्तमानपत्राच्या घडीचा पट्टा करून झाडाभोवती गुंडाळा आणि त्याला धरून उचला.

5. युफोर्बिया, घायपात आणि सशाचे कान रांगणाऱ्या मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

6. बकरी ईदच्या आधी अंगणात बकरा बांधताना अडेनियम आणि कण्हेरीपासून दूर बांधा. या दोन्हींची पाने, फुले जनावराच्या हृदयावर परिणाम करतात. मुले लाडाने हिरवा पाला तोडून बकऱ्याला चारतात. कोणता पाला चारायचा नाही हे त्यांना आधीच दाखवून ठेवा.

डोंगरातले डोंगरात राहू द्या

वाळवंटी झाडे म्हणजे सगळी परदेशी, असेही नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळांवर शिंदळ माकुडी नावाची एक मांसल वनस्पती उगवते. ती फक्त महाराष्ट्रातली आहे. एकोणिसाव्या शतकात डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरच्या परिसरात ती प्रथम नोंदवली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिचे शास्त्रीय नाव 'फ्रेरिया इंडिका' ठेवले. पावसात तिला पाने येतात, कोरड्या दिवसांत नुसती मांसल कांडी उरते आणि फूल असते चांदणीच्या आकाराचे, गडद लाल, त्यावर पिवळी नक्षी. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा थोड्या ठिकाणी ती टिकून आहे आणि जगातल्या संकटग्रस्त वनस्पतींत तिची गणना झाली आहे.

किल्ल्यावर सहलीला गेल्यावर अशी एखादी कांडी दिसली तर फोटो काढावा, उपटून आणू नये. रोपवाटिकेत वाढवलेले रोप खात्रीच्या ठिकाणी मिळाले तर जरूर लावावे. पण कड्यावरचे एक रोप म्हणजे तिथल्या मोजक्या रोपांतले एक. आपल्या कुंडीत ते जगले तरी डोंगराचे नुकसान भरून येत नाही.

फांदी द्या, नावही द्या

आता आमच्या अंगणात एकोणीस कुंड्या आणि एक उंचवटा आहे. माझ्या भाच्याने आइस्क्रीमच्या काड्यांवर प्रत्येक झाडाचे नाव लिहिले. दुधाळ झाडांच्या काडीला त्याने लाल टोक रंगवले. ही कल्पना त्याचीच, नऊ वर्षांच्या मुलाची. अम्मींना मराठी-इंग्रजी वाचायला त्रास होतो, पण लाल टोक त्यांना लांबूनही दिसते.

जाऊबाई महिनाभर अंगणात आल्या नव्हत्या. मला वाटले, आता त्या झाडाचा राग धरतील. मी तो युफोर्बिया काढून टाकायलाही निघाले होते. त्याच म्हणाल्या, "आपा, झाडाची काय चूक? आपल्याला माहीत नव्हते." तो आता मागच्या भिंतीपाशी, पोरांच्या वाटेपासून दूर उभा आहे. छाटणी त्याच करतात, चष्मा आणि हातमोजे घालून.

आपल्याकडे फांद्या मागून नेण्याची, देण्याची जुनी रीत आहे. ईदला आलेली शेजारीण, माहेरी आलेली नणंद, कोणीही रिकाम्या हाताने जात नाही. शेजाऱ्याच्या घरी झाड पोचते ते असेच. फक्त आता मी फांदी कागदात गुंडाळताना कागदावर दोन ओळी लिहिते: झाडाचे नाव, आणि दूध आहे की नाही. गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या खाला काटेरी मुकुटाची फांदी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला, "भाभी, तुमच्या चिठ्ठीत लाल खूण आहे. कुंडी गच्चीवर ठेवू ना? बाळ रांगतंय."

"गच्चीवरच ठेव," मी म्हणाले.